दहापट भिंग, जांभळी बॅटरी आणि रॉकीतले दवणे

लेकीकडे डेन्व्हरला सहा महिने राहायचं म्हणजे हाताला काहीतरी उद्योग हवा. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेय, गाव कोल्हापूरजवळचं, त्यामुळे ज्योतिबाच्या दवण्याचा वास नाकात कायमचा मुक्कामाला. जुलैत डोंगरातल्या ग्रॅन्बी गावाकडे जाताना पाऊस नुकताच पडून गेला होता. गाडीची काच खाली केली आणि त्याच कुळातला वास आत आला. जरा कडक, कापराकडे झुकणारा. जावई म्हणाले, "आई, ते सेजब्रश." नावात सेज आहे म्हणून मसाल्यातला सेज समजू नका, तो साल्व्हिया. हे आर्टेमिसिया. आपला दवणा आर्टेमिसिया पॅलेन्स, म्हणजे चुलत घराणंच की.

घरी येऊन भिंग आणि अतिनील बॅटरी अशी जोडी ऑनलाइन मागवली, सोबत झाडं ओळखायचं एक कार्डही आलं. 42 डॉलर. पाच आठवडे वापरून लिहितेय.

आधी भिंग. दहापट, तीन काचा एकत्र चिकटवलेलं, त्यामुळे कडेला इंद्रधनुष्य दिसत नाही. स्वस्तात 30 पट, 40 पट लिहिलेली भिंगं मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. बहुतेकांवरचा आकडा खोटा असतो, आणि खरा असला तरी वाऱ्यात हलणाऱ्या झुडपावर त्याचा उपयोग शून्य. दहापट भिंगाला वस्तू साधारण अडीच सेंटीमीटरवर लागते. भिंग डोळ्याला टेकवायचं आणि फांदी जवळ आणायची. उलटं केलंत तर नुसतं धुकं. शाळेत पोरांना हेच सांगून घसा बसायचा.

या झाडांत भिंगाचं खरं काम आहे बोंडात, म्हणजे बारीक फुलांच्या गच्च गुच्छात. आर्टेमिसियाची फुलं वाऱ्यावर परागण होणारी, म्हणून दिसायला अगदी फाटकी. पण बोंड नखाने फोडून पुष्पासन, म्हणजे फुलं बसतात तो तळ, बघा. ग्रॅन्बीला लेकीच्या मैत्रिणीच्या आवारात (परवानगी घेऊन) दोन रुपेरी झाडं शेजारी शेजारी होती. एकाच्या पुष्पासनावर लांब पांढरी लव, दुसऱ्याचं चक्क टक्कल. लव असलेलं ॲब्सिंथियम, युरोपातून आलेला वर्मवूड (ही आणि पुढची लॅटिन नावं आर्टेमिसियाच्याच जाती-उपजातींची). कोलोराडोत तो उपद्रवी तणांच्या यादीत आहे. टक्कल असलेलं लुडोविशियाना, इथलंच. मैत्रीण दोन्ही उपटायला निघाली होती, तिचं एक तरी वाचवलं. लव फ्रिजिडालाही असते, पण ते जमिनीलगत मऊ गादीसारखं पसरतं आणि पानं कापसाच्या धाग्यांइतकी बारीक, त्यामुळे तिथे भिंग काढायचीही गरज पडत नाही.

खऱ्या सेजब्रशच्या, म्हणजे ट्रायडेंटाटाच्या, बोंडातली सगळी पुष्पकं (बारीक फुलं) उभयलिंगी. ॲब्सिंथियम आणि लुडोविशियानाच्या बोंडात मात्र कडेच्या ओळीत नुसत्या मादी, मधली उभयलिंगी. हे भिंगाखाली स्पष्ट दिसतं, फक्त झाड फुलावर हवं, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर. माझा पहिला महिना पानांवर भागवण्यात गेला.

पानांनी फसवलंही. ट्रायडेंटाटाच्या पानाला टोकाशी तीन दात, नावातच आहे. मी दात नसलेली फांदी बघून "हे काना!" असं जाहीर केलं. काना म्हणजे चंदेरी सेजब्रश, ओलसर कुरणांत वाढतं, पान बहुतेक अखंड. प्रत्यक्षात मी ट्रायडेंटाटाच्या फुलोऱ्याच्या दांड्यावरचं पान बघत होते, तिथे दात नसतातही. खालच्या पानांकडे बघायला हवं होतं. जावईबापू सभ्य माणूस, हसले नाहीत.

मग रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानातला ट्रेल रिज रोड, रस्त्याचा माथा 12,183 फुटांवर. उद्यानात पानही तोडायला बंदी, म्हणून पायवाटेच्या कडेला पोटावर झोपून भिंग लावलं. वीतभर उंचीची रुपेरी केसाळ रोपं, स्कोप्युलोरम. थोड्या अंतरावर जवळजवळ बिनकेसाचं, हिरवं, खाली मान घातलेली बोंडं, तो नॉर्वेजिका. बोंडावरच्या छदांना (बाहेरच्या खवल्यांसारख्या पानांना) काळी किनार मात्र दोघांनाही असते, त्यामुळे "काळी किनार म्हणजे स्कोप्युलोरम" हा सोबतच्या कार्डावरचा मंत्र सरळ चुकीचा. पॅटरसोनाय शोधला, म्हणजे दांड्यावर एक-दोनच मोठी बोंडं वागवणारा, पण दमानं माझा पिच्छा सोडला नाही, गाडीत जाऊन बसले.

आता बॅटरी. ही खास ट्रायडेंटाटाच्या उपजातींसाठी. डोंगरी व्हासेयाना आणि खालच्या कोरड्या माळांवरची वायोमिंगेन्सिस दिसायला एकमेकींच्या इतक्या जवळ, की इथले जाणकारही पाणी आणि दिवा घेऊन बसतात. पान चुरून पाण्यात टाकायचं, अंधारात अतिनील प्रकाश मारायचा. डोंगरीचं पाणी निळंशार चमकतं, वायोमिंगचं जवळजवळ काळोखातच राहतं. पानातल्या कुमारिन जातीच्या रसायनांचा हा खेळ.

पहिल्या रात्री दोन्ही ग्लास निळे. बॅटरीचा दोष म्हणून शिव्या घालून झाल्या. मग नात म्हणाली, "आज्जी, कागद पण चमकतोय." ग्लासांखाली मीच पांढरा कागदी रुमाल घातला होता, आणि असल्या कागदात पांढरेपणासाठी चमक देणारं रसायन असतं. रुमाल काढला, काळी पाटी ठेवली, आणि ग्रॅन्बीचा ग्लास चांदण्यासारखा उजळला, क्रेमलिंगकडच्या खालच्या कोरड्या माळावरून आणलेला मख्ख.

तरी बॅटरीबद्दल तक्रार आहेच. डब्यावर 365 नॅनोमीटर लिहिलंय, पण जांभळा प्रकाश डोळ्यांना बराच दिसतो. खरी, गाळणी लावलेली 365 इतकी दिसत नाही. ही बहुधा 395च्या आसपासची असावी. मंद चमक त्या जांभळ्यात बुडून जाते. विकणाऱ्याला लिहिलं, त्याने "ग्राहकाचं समाधान हेच आमचं ध्येय" असं उत्तर पाठवलं, बॅटरी नाही. लहान मुलं असतील तर डोळ्यांत मारू देऊ नका.

सेजब्रशच्या प्रदेशात राहत असाल तर जोडी घ्यायला हरकत नाही, नाहीतर नुसतं भिंग घ्या. भिंगाला पाच तारे, बॅटरीला तीन. कार्डावर नातीने ग्लासच्या तळाची वर्तुळं गिरवली आहेत, तेवढाच त्याचा उपयोग झाला.