दोन राउटर, एक खळं आणि मध्ये फणस: बिनतारी ब्रिजचा दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑक्टोबरात परतीच्या पावसात वीज पडली ती आमच्या घरावर नाही, शेजारच्या आगरातल्या माडावर. तरी आमच्याकडच्या तीन वस्तू एका क्षणात गेल्या: घरातला राउटर, मांगरातला, म्हणजे अंगणापलीकडच्या कोठारातला, राउटर आणि माझ्या डेस्कटॉपचा लॅन पोर्ट. तिन्ही एकाच माळेतल्या. घरापासून मांगरापर्यंत खळ्यावरून टांगलेली चाळीस मीटरची लॅन केबल, ती माळ. वीज थेट तारेवर पडावी लागत नाही, जवळपास पडली तरी एवढ्या लांब तांब्याच्या तारेत दाब चढतो, आणि तो जातो कुठे, तर दोन टोकांच्या पोर्टांत. त्यात आमच्या घराचं अर्थिंग वेगळं आणि मांगराला अर्थिंग असं म्हणण्यासारखं काही नव्हतंच.

आमचं गाव राजापूरजवळ. घर चिऱ्याचं, भिंती हातभर जाड. समोर खळं, पलीकडे मांगर. तिथे पूर्वी आंब्याच्या पेट्या भरायचे, आता अर्ध्या भागात माझं ऑफिस आहे. फायबरचं कनेक्शन घरात, काम मांगरात. चिऱ्याच्या दोन भिंती ओलांडून घरातला वायफाय मांगरापर्यंत पोचतच नव्हता, म्हणून तर केबल टाकली होती. आणि केबल होती तोवर उत्तम चालली, हे आधीच सांगतो. वेगात, स्थिरपणात, डोक्याला ताप न देण्यात केबलशी बिनतारी ब्रिजची, म्हणजे दोन राउटर हवेतून जोडून एकच नेटवर्क करण्याची, बरोबरी नाही. मी ब्रिजकडे वळलो तो विजेच्या धाकाने. हवेतून नेट गेलं तर निदान एका इमारतीतला झटका दुसरीत जात नाही.

पहिला प्रयत्न फसला. बाजारातून हजारभर रुपयांचा साधा राउटर आणला, त्यातला 'डब्ल्यूआयएसपी' मोड निवडला, घरच्या वायफायचा पासवर्ड दिला. पाच मिनिटांत नेट चालू! व्हिडिओ चालले, मेल आली. मग प्रिंट द्यायला गेलो तर घरातला प्रिंटर गायब. या मोडमध्ये दुसरा राउटर घरच्या नेटवर्कचा भाग होत नाही, तो स्वतःचं वेगळं नेटवर्क मांडून बसतो. पत्त्यांवर पत्ते चढतात, आणि मांगरातल्या वस्तू घरातल्या वस्तूंच्या लेखी अस्तित्वातच नसतात. फक्त नेट बघायचं असेल त्याला याने काही बिघडत नाही. मला प्रिंटर हवा होता, घरातल्या हार्ड डिस्कवरच्या फाइली हव्या होत्या.

मग नीट वाचायला घेतलं, तेव्हा मूळ अडचण कळली, आणि ती आंब्याच्या पेटीवरून सांगता येते. समजा पेटीवर नाव लिहायला एकच रकाना आहे: पेटी कोणाच्या टेम्पोतून आली आणि कोणाच्या बागेतली, दोन्हीला मिळून एक. टेम्पोवाल्याचीच बाग असेल तर प्रश्न नाही. पण तो चार बागायतदारांचा माल आणत असेल तर बाजारात सगळा माल त्याच्याच नावावर लागणार. वायफायचं तसंच आहे. मोबाइल राउटरशी बोलतो तेव्हा डेटाच्या प्रत्येक पाकिटावर तीन पत्ते असतात, आणि 'पाठवणारा' व 'मूळ मालक' एकच धरलेला असतो. मोबाइलच्या मागे आणखी कोणी असेल ही कल्पनाच त्यात नाही. मांगरातला राउटर मात्र टेम्पोवाला आहे, त्याच्यामागे डेस्कटॉप, फोन, कॅमेरा सगळे. त्यासाठी चौथा पत्ता लागतो. ही चार पत्त्यांची पद्धत म्हणजेच डब्ल्यूडीएस. गंमत अशी की ती कशी जुळवायची हे पक्कं ठरलेलं नाही, त्यामुळे एका कंपनीच्या राउटरचा डब्ल्यूडीएस दुसऱ्या कंपनीच्या राउटरशी जुळेलच याची खात्री नसते. फायबरवाल्याने दिलेल्या डब्यात तर मला तो पर्याय सापडलाच नाही.

उपाय म्हणून दोन्ही टोकांना एकच जातीचे राउटर लावले. टीपी-लिंकचे आर्चर सी७, दोन्ही सेकंडहँड, आणि दोन्हीत ओपनडब्ल्यूआरटी हे मोफत सॉफ्टवेअर चढवलं. फायबरवाल्याचा डबा जिथल्या तिथे ठेवला. त्याच्या लॅन पोर्टातून छोटी केबल घरातल्या आर्चरच्या लॅन पोर्टात. आर्चरमध्ये वायफायचे दोन रेडिओ असतात, ५ आणि २.४ गिगाहर्ट्झचे. घरच्या आर्चरवर ५ गिगाहर्ट्झचा मोड 'अ‍ॅक्सेस पॉइंट (डब्ल्यूडीएस)', मांगरातल्यावर 'क्लायंट (डब्ल्यूडीएस)'. पत्ते वाटायचं काम फक्त फायबरच्या डब्याकडे, बाकी दोघांचं डीएचसीपी बंद. ओपनडब्ल्यूआरटी चढवलं की दोन्ही आर्चरचा मूळ पत्ता १९२.१६८.१.१ असतो आणि आमच्या डब्याचाही तोच होता, म्हणून एकाला शेवटी २ दिला, दुसऱ्याला ३. हे आधी करा, सगळं जोडल्यावर नाही. मी नंतर केलं आणि अर्धा तास एकाही राउटरच्या पानावर पोचता आलं नाही. लॅपटॉपला हाताने पत्ता देऊन आत शिरावं लागलं. ओपनडब्ल्यूआरटीची एक सोय इथे कामी येते: बदल केल्यावर तुम्ही परत पोचू शकला नाहीत तर दीड मिनिटाने ते आपणहून जुनी मांडणी परत आणतं. घाबरून लगेच प्लग उपटू नका.

५ गिगाहर्ट्झ फक्त ब्रिजसाठी राखून ठेवला आणि त्याला वेगळं नाव दिलं, म्हणजे पाहुण्यांचे फोन त्यावर चढत नाहीत. फोनसाठी २.४ गिगाहर्ट्झ, घरात चॅनल १ आणि मांगरात ११, नाव-पासवर्ड दोन्हीकडे एकच. एकाच रेडिओने पलीकडचं ऐकायचं आणि अलीकडे तेच पुन्हा सांगायचं म्हटलं की वेग साधारण निम्मा होतो. स्वस्त रिपीटर रडतात ते यामुळे. रेडिओ दोन असतील तर कामं वाटून द्या.

एवढं सगळं एका संध्याकाळी झालं. पुढचे दहा महिने जागा शोधण्यात गेले.

नोव्हेंबरात घरचा राउटर ओटीच्या खिडकीत होता आणि मांगरातला समोरच्या खिडकीत. मध्ये पस्तीस मीटर मोकळं खळं, कडेला फणस. सिग्नल उणे ५७ डीबीएम. हा आकडा उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला, आणि दहाने घसरला म्हणजे ताकद एक दशांश झाली. आयपर्फ नावाच्या साधनाने दोन टोकांमधला वेग मोजला तर २६० एमबीपीएसच्या आसपास. आमचा प्लॅनच १०० चा, तेव्हा ब्रिज कुठे आड येत नव्हता. मार्चपर्यंत मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

एप्रिलात रोज चारच्या सुमाराला मीटिंगमध्ये माझा आवाज तुटायला लागला. आठवडाभर सेटिंगं खरवडली. चॅनल बदलला, पॉवर बदलली, एकदा सगळं पुसून परत केलं. काकू म्हणाल्या, "अरे, तो टेम्पो उभा राहिला की तुझं बोलणं बंद पडतं की काय?" तसंच होतं. चारला पेट्या भरायला टेम्पो यायचा आणि बरोब्बर दोन खिडक्यांच्या मध्ये उभा राहायचा. लोखंडी हौद्यापुढे ५ गिगाहर्ट्झचं काय चालणार! आणि नुसती नजरेची रेष मोकळी असून भागत नाही. लहरींना रेषेभोवती फुगीर जागा लागते. आमच्या अंतराला मधोमध ती साधारण ६५ ते ७० सेंटिमीटर त्रिज्येची निघते. टेम्पो थोडा बाजूला उभा असला तरी अडचण का व्हायची, ते यातून कळलं.

घरचा राउटर माळ्यावरच्या झरोक्यात नेला. टेम्पोच्या डोक्यावरून सरळ रेष. उणे ५९, मीटिंगा सुरळीत. उंच ठेवा, उंच ठेवा, असं सगळे सांगतात ते खरंच आहे असं वाटलं.

मग जून आला. उणे ७१. वेग ७०-८० वर, आणि जोराच्या सरीत त्याहून खाली. मी पावसालाच दोष देत होतो, पण पस्तीस मीटरच्या हवेत पडणारा पाऊस या लहरींचं फारसं काही बिघडवत नाही. बिघडवतात ती भिजलेली पानं. माळ्यावरून निघालेली रेष नेमकी फणसाच्या माथ्यातून जात होती. उन्हाळ्यात कोरड्या पानांतून सिग्नल निसटत होता. पावसात प्रत्येक पानावर पाण्याचा थर, आणि पाणी या लहरी शोषून घेतं. पाऊस थांबून तासभर झाला तरी आकडा वर येत नव्हता, वारा सुटून पानांवरचं पाणी झडलं की यायचा. त्यावरून खात्री पटली. राउटर परत खाली ओटीच्या खिडकीत आणला, रेष फांद्यांच्या खालून गेली, आणि भर जुलैत उणे ६१ मिळाला. नोव्हेंबरपेक्षा चारने कमी आहे, ते बहुधा ओल धरलेल्या चिऱ्यामुळे. खिडकीच्या चौकटीत राउटर कडेला सरकला की आकडा लगेच पडतो. थोडक्यात, आमच्याकडे आंब्याला राउटर वर आणि पावसाला खाली. लाकूडफाटा आत घेतात तेव्हाच तोही उतरवायचा.

एक मोठा घोटाळा मे महिन्यात झाला, आणि तो वाचून कोणाचा तरी दिवस वाचेल. सुट्टीला आलेल्या पुतण्याला जुनी केबल लोंबताना दिसली. "काका, ही पण लावली तर डबल स्पीड मिळेल," असं म्हणून त्याने दोन्ही टोकं दोन्ही राउटरांत खोचली. दहा सेकंदांत घरातलं, मांगरातलं, सगळं ठप्प. दोन राउटरांमध्ये दोन वाटा झाल्या की सगळ्यांना उद्देशून निघालेलं पाकीट एका वाटेने जातं, दुसरीने परत येतं, पुन्हा जातं, आणि अशी पाकिटं फिरत राहून नेटवर्क गुदमरतं. मी दोन तास फायबरवाल्याला फोन लावत होतो, बिचाऱ्याची काही चूक नव्हती. ओपनडब्ल्यूआरटीत ब्रिजच्या पानावर एसटीपी नावाची खूण असते, ती केली की अशी दुसरी वाट आपोआप बंद ठेवली जाते. ती आमच्याकडे मुळात केलेली नव्हती. आता केली आहे. शिवाय केबलची टोकं कापून टाकली, पुतण्यावर माझा एसटीपीइतका विश्वास नाही.

लाईट जाण्याचं सांगायलाच नको. सुरुवातीला चॅनल 'ऑटो' ठेवला होता, तो ५२ ते १४४ मधल्या एखाद्या चॅनलवर जाऊन बसायचा. त्या पट्ट्यात रडार असू शकतं, म्हणून राउटरला बोलायच्या आधी निदान मिनिटभर नुसतं ऐकत बसावं लागतं. लाईट पाच वेळा गेली-आली की पाच वेळा ही मौनव्रताची बैठक. चॅनल १४९ पक्का केला, देश म्हणून भारत निवडला, आणि तो त्रास संपला. फायबरचा डबा आणि दोन आर्चर, तिघांना १२ व्होल्टचे छोटे यूपीएस दिले. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे अँपिअर बघून घ्या, मी पहिला घेतला तो कमी ताकदीचा निघाला आणि राउटर दर दहा मिनिटांनी स्वतःच रीस्टार्ट व्हायचा. आता सुमारे चार तास निघतात. पावसाळ्यात कधी कधी तेवढे पुरत नाहीत.

खरी परीक्षा गणपतीत. मुंबईहून सगळे आले, फोन मोजले तर सतरा. रात्री आरती झाली की अर्धे फोन मांगरात, कारण तिथे पंखा आहे. ब्रिज हलला नाही. रडला तो मांगरातला २.४, एवढे फोन एकाच चॅनलवर म्हटल्यावर व्हिडिओ अडकणारच. खळ्यात फिरणाऱ्यांची वेगळी तक्रार: फोन घरातल्या मरतुकड्या सिग्नलला चिकटून राहतो, मांगराच्या दारात उभं असूनही इकडे येत नाही. ते मुख्यतः फोनच्या हातात आहे, राउटर फारसं काही करू शकत नाही. वायफाय बंद करून चालू करा, एवढंच मी सांगत होतो. तयार मेशचे, म्हणजे अनेक राउटर मिळून एकच वायफाय देणारे, संच याबाबतीत थोडे बरे असतात असं माझ्या मावसभावाच्या घरी पाहिलं. पण त्याच्याकडे भिंती विटांच्या आणि मध्ये फणस नाही.

पासवर्ड किंवा ब्रिजचं काहीही बदलायचं असेल तर आधी पलीकडच्या राउटरवर बदला, मग अलीकडच्या. उलट केलं तर पलीकडच्याशी संपर्क तुटतो आणि छत्री घेऊन खळं ओलांडावं लागतं. दोनदा ओलांडलं आहे.

घ्यावा का? दोन इमारती आहेत, मध्ये मोकळी जागा आहे आणि घरात निदान एकाला या कामाची खाज आहे, तर घ्या. सगळा खर्च, यूपीएस धरून, सहा हजारांच्या आत बसला. एकाच घरात दोन खोल्यांचा प्रश्न असेल तर मुकाट केबल ओढा. आणि गावी फक्त आईवडील राहतात, तुम्ही पुण्यात, अशी स्थिती असेल तर हा खटाटोप नको. राउटर कधी वर आणि कधी खाली, हे फोनवरून समजावता येत नाही.

माझा स्वतःचा बेत मात्र वेगळा आहे. काचेच्या तंतूची, आत धातू नसलेली फायबर केबल वीज वाहून नेत नाही. दोन टोकांना दोन कन्व्हर्टर लावले की केबलचा वेगही मिळतो आणि ऑक्टोबरची भीतीही नको. माडांना पाणी न्यायला चर खणायचा आहेच, त्यातच एक जादा पाइप टाकायचा. चर तुळशीवृंदावनाच्या कुठल्या बाजूने न्यायचा यावर काका-काकूंचं एकमत झालेलं नाही. काका म्हणतात दिवाळीनंतर बघू. त्यांची दिवाळी कुठल्या वर्षाची ते मी विचारलेलं नाही. एप्रिलात टेम्पो यायच्या आत माळ्यावरचा झरोका तेवढा झाडून ठेवतो.