तयार रिंगांचा शोषखड्डा: गोठ्याच्या पाण्याला पाच रिंगा पुरतात का?

संचात छिद्रांच्या 5 सिमेंट रिंगा आणि झाकण येतं. आतला व्यास अडीच फूट, उंची एक फूट, जाडी 2 इंच. ढलाई चांगली आहे, कडा भुरभुरत नाहीत. एक रिंग नव्वद-शंभर किलोची, तेव्हा उतरवायला दोर आणि चार माणसं लागतात.

खटकतो तो "तीन जनावरांना पाच रिंगा" हा दुकानातला हिशेब. पाणी मुरतं खड्ड्याच्या मातीच्या भिंतीत, तेव्हा रिंगा जनावरांवर नाही, पाणी किती आणि जमीन किती शोषते यावर ठरतात. म्हणून गोठा धुताना बादल्या मोजा: 15 लिटरच्या 13 बादल्या म्हणजे जवळपास 200 लिटर.

मग जमीन तपासा. मुरमापर्यंत फूटभर रुंद खड्डा खणून पाण्याने भरा, रात्रभर मुरू द्या. सकाळी पुन्हा पाणी टाकून पातळी 25 मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते पाहा. उन्हाळ्यात रात्रीचं भिजवणं टाळू नका. काळ्या मातीच्या भेगांतून तेव्हा पाणी भसाभसा जातं, आणि पावसाळ्यात माती फुगली की तोच खड्डा तुंबतो.

भारतीय मानक 2470 प्रमाणे 204 ला मिनिटांच्या वर्गमुळाने भागलं की एक चौरस मीटर भिंत रोज किती लिटर शोषेल ते कळतं. 25 मिनिटं लागली तर सुमारे 40 लिटर. खड्डा 4 फूट व्यासाचा खणायचा. वरच्या रिंगेत पाइप येतो, म्हणजे कामाच्या रिंगा चारच: साडेचार चौरस मीटर, 180 लिटर. 200 लिटरला हे कमी पडतं, तेव्हा सहावी रिंग घ्याच. वर दोन फूट काळी माती असेल तर सात, आणि त्यातल्या वरच्या दोन बिनछिद्रांच्या मागा. तळ हिशेबात धरू नका, गाळाने तो आधी बंद होतो. 30 मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर हा संच घेऊच नका.

रिंगेभोवती 20 ते 40 मिलिमीटरची गिट्टी भरा. पाच रिंगांना 30 घनफूट, म्हणजे पाव ब्रासपेक्षा थोडी जास्त. खणलेली काळी माती तिथे परत ढकलू नका.

संचात गाळाचं चेंबर नाही, ही मोठी उणीव आहे. शेण थेट गेलं तर भिंतीवर चिकट थर बसतो आणि मुरणं थांबतं. आधी जाळी, मग दोन फुटी चेंबर, त्यातून खाली वळवलेला 4 इंची पाइप, आणि गाळ वेळच्या वेळी उपसणं.

विहिरीपासून 60 फूट अंतर ठेवा. फवारणीचा पंप धुतलेलं पाणी यात कधीही सोडू नका. ते मुरून विहिरीलाच लागतं.