आउटर हेब्रिडीज दोघांसाठी: विमानानं आत, बोटीनं बाहेर

स्कॉटलंडच्या पश्चिमेला आउटर हेब्रिडीज ही बेटांची माळ आहे. दक्षिणेला व्हॅटरसे, उत्तरेला लुइस बेटाचं टोक, आणि मधे समुद्रात भराव घालून बांधलेले कॉजवे. जिथे कॉजवे नाही तिथे फेरीबोट. सायकलवाल्यांचा 'हेब्रिडियन वे' याच वाटेनं जातो: १० बेटं, ६ कॉजवे, २ फेरी, एकूण २९७ किलोमीटर. गाडीनंही साधारण हीच वाट. विमान लोगनएअरचं, बोटी कॅलमॅकच्या, गाडी तिसऱ्याच कुणाकडून भाड्यानं. एकाचा उशीर दुसऱ्याच्या गावीही नसतो. त्यामुळे एकेका कंपनीला गुण देण्यात फारसा अर्थ नाही. सांधे कुठे निसटतात ते पाहायला हवं.

बहुतेक जोडपी आधी मुख्य भूमीवरच्या ओबान बंदराची मोठी बोट किंवा दक्षिणेकडच्या बॅरा बेटाचं विमान धरतात, मग हॉटेलं, आणि मधल्या छोट्या बोटी 'बघू तिथे गेल्यावर' म्हणून सोडून देतात. क्रम नेमका उलटा हवा. या सगळ्या वाटेत सर्वात नाजूक सेवा नॉर्थ युइस्टला कॉजवेनं जोडलेलं बर्नरे बेट ते हॅरिसमधलं लेव्हरबरा या एका तासाच्या फेरीची आहे. मधली साउंड ऑफ हॅरिस ही सामुद्रधुनी म्हणजे उथळ, खडकांनी भरलेला पट्टा. बोट सरळ जात नाही. बोयांच्या मधून नागमोडी वळणं घेत जाते. म्हणून ती फक्त दिवसाउजेडी चालते, आणि पाणी फार उतरलं की थांबते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं तेव्हा ओहोटीही तितकीच खोल जाते. त्या तारखांना वेळापत्रकात नेहमीची वेळ दिसली नाही तर ती छपाईची चूक नसते. बोटही छोटी आहे, उन्हाळ्यात गाड्यांची जागा लवकर संपते. आधी ही बोट पक्की करा, मग तिच्या पुढच्या-मागच्या रात्री बसवा.

ती रद्द झाली तर? दुसरा रस्ता आहे, पण लांबचा. बर्नरेहून नॉर्थ युइस्टमधल्या लॉकमॅडी बंदराला या, तिथून स्काय बेटावरच्या उइगला बोट, आणि उइगहून हॅरिसमधल्या टार्बर्टला दुसरी बोट. प्रत्येकी पावणेदोन तासांच्या आसपास, मधे थांबणं वेगळं. दोन्हींत गाडीला जागा मिळाली तरी दिवस गेलाच. म्हणून नॉर्थ युइस्टला एक रात्र जास्तीची ठेवा, आणि लेव्हरबराला उतरायच्याच दिवशी लुइसमधल्या स्टॉर्नोवे शहरातून बाहेर पडायचा बेत मुळीच करू नका.

आता विमान. ग्लासगो ते बॅरा, साधारण सव्वा तास, १९ आसनांचं ट्विन ऑटर. उतरतं ते ट्राय वोर नावाच्या पुळणीवर. नियमित प्रवासी विमानं भरती-ओहोटीच्या पुळणीवर उतरतात असा हा जगातला एकमेव विमानतळ. वाळूवर तीन धावपट्ट्या आहेत, त्यांची टोकं लाकडी खांबांनी दाखवलेली. भरतीला तिन्ही पाण्याखाली जातात. विमानाची वेळ म्हणूनच भरतीप्रमाणे रोज सरकते. आज सकाळची आहे म्हणून उद्याही तीच धरू नका. धावपट्टीला दिवे नाहीत, सेवा उजेडातच.

आत टॉयलेट नाही, हवाई सेविका नाही. सुरक्षेच्या सूचना सहवैमानिक देतो. पुढच्या रांगेत बसलात तर कॉकपिट थेट समोर. पंख खिडक्यांच्या वर असल्यामुळे कुठल्याही आसनावरून खालचं दिसतं, खिडकीसाठी दोघांनी भांडायची गरज नाही. आवाज मात्र भरपूर, कानात बोळे ठेवा. सामानाच्या वजनावर मोठ्या विमानांपेक्षा कडक मर्यादा आहे. तिकीट काढतानाच ती वाचा आणि कडक कवचाच्या बॅगेऐवजी मऊ पिशवी घ्या. बाहेर पडल्यावर सामान मिळतं ते बस-थांब्यासारख्या एका शेडमध्ये. लगेच पुळणीवर फोटो काढायला धावू नका: वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक चढवलेला असेल तेव्हा विमानतळ चालू असतो आणि पुळणीवर जायला बंदी असते. धुकं किंवा आडवा वारा असेल तर विमान सुटत नाही, कधी अर्ध्यातून माघारी फिरतं. अनुभव म्हणून या सेवेला पाचपैकी पाच. वाहतूक म्हणून साडेतीन, तेही मे-जूनमध्ये.

विमानानं गेलात की गाडीचा प्रश्न येतो, आणि बजेट इथेच फसतं. ग्लासगोहून भाड्याची गाडी घेऊन ओबान–कॅसलबे (बॅराचं बंदर) बोटीनं आलात तर पावणेपाच तासांचा समुद्र आहे, पण एकच गाडी शेवटपर्यंत हाताशी राहते. विमानानं आलात तर बॅरावर स्थानिक गाडी घ्यायची, ती तिथेच परत करायची आणि पुढे युइस्टमध्ये दुसरी घ्यायची. एका बेटावर घेतलेली गाडी दुसऱ्या टोकाला सोडायची सोय सगळे देत नाहीत. देतात ते त्याचे वेगळे पैसे लावतात. फोनवर तीन गोष्टी विचारा: गाडी धक्क्यावर आणून देणार का, धक्क्यावरून घेऊन जाणार का, आणि रविवारी कुणी असणार का.

दोघांच्या हिशेबात महत्त्वाचं हे, की कॅलमॅकचं भाडं प्रवाशांचं वेगळं आणि गाडीचं वेगळं लागतं. छोट्या मार्गांवर गाडीचं भाडं एका प्रवाशाच्या साडेतीन-चारपट, लांबच्या मार्गांवर पाचपटीच्या आसपास. चौघांत ते विभागलं जातं, दोघांत नाही. तेवढंच अंतर रस्त्यानं जायला जो खर्च आला असता त्याच्याशी बोटीचं भाडं जोडायचं, हे धोरण या बेटांवर २००८ मध्ये प्रयोग म्हणून आलं आणि टिकलं. भाडी परवडतात ती त्यामुळेच, आणि उन्हाळ्यात बोटी भरतात त्यालाही तेच एक कारण. बॅरावर एकच दिवस असेल तर गाडी सोडूनच द्या. विमानतळापासून आर्डव्होरचा धक्का पाच किलोमीटरच्या आत आहे. तिथून साउथ युइस्टला कॉजवेनं जोडलेल्या एरिस्के बेटाची बोट ४० मिनिटांची, पायी चढायची.

मोठ्या शहरातून गाडी घेतलीत तर ती बोटीवर न्यायची परवानगी भाडेकरारात लेखी घ्या. काही कंपन्या ती देत नाहीत, काही देतात पण समुद्रावर असताना विमा लागू नसतो. नेहमीच्या विम्यात टायर, समोरची काच आणि गाडीचा खालचा भाग बहुधा धरलेला नसतो, आणि या रस्त्यांवर नेमकं तेच फुटतं. दोघांचीही नावं चालक म्हणून घाला. दुसऱ्या चालकाचे पैसे जास्त लागतात, पण एकाला बोट लागली तर उतरल्यावर चाक दुसऱ्यानंच धरायचं असतं.

बोटीवर चढायची पद्धत ठरलेली आहे. तिकिटावर चेक-इन बंद व्हायची वेळ दिलेली असते. खरी वेळ तीच, बोट सुटायची नव्हे. ती चुकली तर बुकिंग असूनही तुम्ही थांबणाऱ्यांच्या रांगेत जाता. भाड्याच्या गाडीचा नंबर आधी माहीत नसतो, तो हातात येताच बुकिंगमध्ये भरा. लांबी सांगताना मागचा सायकल-रॅकही मोजा. डेकवर माणूस हातानं खुणा करेल तिथे, सांगेल तितकं जवळ लावा, हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि आरसे मिटा. अलार्म आतल्या हालचालीवर वाजणारा असेल तर तो बंद करायचं बटण काउंटरवरच विचारून ठेवा, नाहीतर लाटांनी तो वाजत राहतो आणि घोषणेत तुमचा नंबर येतो. प्रवासात डेक बंद असतो. औषध, जॅकेट, चार्जर, खाणं एका पिशवीत काढून वर न्या. बोट लागण्याची गोळी सुटण्याआधी अर्धा-एक तास घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. बसा बोटीच्या मधोमध, खालच्या मजल्यावर. पुढच्या टोकाचा देखावा चांगला असतो, पण झोकेही तिथेच जास्त.

मोठ्या बोटींवर कॅफेटेरिया ठीकठाक आहे. मांस न खाणाऱ्यांना मॅकरोनी-चीज आणि चिप्स, शिवाय न्याहारीचे काही प्रकार. छोट्या दोन बोटींवर खाण्याची अपेक्षाच ठेवू नका.

कॅलमॅकबद्दल तक्रारी खूप ऐकू येतात. त्यांचं मूळ कर्मचाऱ्यांत नाही, जहाजांत आहे. डेकवरची माणसं कामाला चोख आहेत. ताफा जुना आहे आणि राखीव जहाज जवळजवळ नाही. बॅराच्या मार्गावर सहसा दिसणारी 'आयल ऑफ लुइस' १९९५ची. 'ग्लेन सॅनॉक्स' हे नवं जहाज २०१८ मध्ये यायचं होतं, प्रवासी सेवेत आलं जानेवारी २०२५ मध्ये. एक बोट बिघडली की दुसऱ्या मार्गाची बोट तिकडे ओढतात, आणि ज्या बेटावर काहीच बिघडलेलं नाही तिथला प्रवासी अडकतो. त्यासाठी आदल्या संध्याकाळी आणि सकाळी उठल्याबरोबर, दोन्ही वेळा कंपनीचं 'सर्व्हिस स्टेटस' पान बघा. फेरी रद्द झाली तर पैसे परत किंवा दुसरी फेरी मिळते. पण त्या रात्रीची खोली तुम्हालाच शोधायची असते, आणि जुलैत बेटांवर खोली मिळत नाही. हॉटेलवाल्याला लगेच फोन करा. बोट रद्द झाली हे त्याला तुमच्याआधी कळलेलं असतं आणि बहुतेक जण समजून घेतात.

रस्ता हा या सगळ्यातला सर्वात भरवशाचा भाग. एरिस्के ते बर्नरे साधारण १०० किलोमीटर. नकाशा दोन तास सांगतो, धरा तीन. बराच रस्ता एकपदरी, मधे मधे 'पासिंग प्लेस'. ती जागा डाव्या हाताला असेल तर आत घ्या. उजव्या हाताला असेल तर तिच्यासमोर आपल्या बाजूलाच थांबा, समोरचा आत वळून जाईल. चुकीच्या बाजूला शिरायचं नाही. मागून कुणी घाईत असेल तर त्यालाही तिथेच वाट द्या, तो बहुधा बोट गाठायला निघालेला स्थानिक असतो. तिथे गाडी लावून फोटो काढणं हा गावकऱ्यांच्या रागाचा पहिला विषय. वेगमर्यादा ताशी ६० मैल असली तरी पुढच्या चढापलीकडे मेंढी बसलेली असू शकते. ऊन पडलं की डांबर तापतं आणि त्या तिथून हलत नाहीत. कॉजवेवर पाणमांजरांसाठी फलक आहेत, संध्याकाळी तिथे हळू जा.

लेव्हरबराहून स्टॉर्नोवे साधारण ९० किलोमीटर. पश्चिमेचा मुख्य रस्ता रुंद होत गेलाय. लस्केंटायरची पांढरी पुळण याच बाजूला. पूर्वेचा 'गोल्डन रोड' वळणावळणाचा आणि अरुंद, मोठ्या कॅम्परव्हॅनला नकोच.

रविवार वेगळा मोजा. दक्षिणेकडची बॅरा-साउथ युइस्ट बेटं कॅथलिक, तिथे फारसा फरक जाणवत नाही. हॅरिस आणि लुइसवर प्रॉटेस्टंट चर्चचा शब्बाथ, म्हणजे रविवारची सक्तीची विश्रांती, अजून पाळला जातो. स्टॉर्नोवेहून रविवारची बोट सुरू झाली २००९ मध्ये, टेस्को सुपरमार्केट रविवारी उघडू लागलं ते नोव्हेंबर २०२४ मध्ये. बसगाड्या नाहीत, बहुतेक दुकानं आणि पेट्रोलपंप बंद. शनिवारी दुपारपर्यंत टाकी भरा, रविवारच्या जेवणाचं हॉटेलात आधीच सांगून ठेवा.

बाहेर पडायला दोन वाटा. गाडी स्टॉर्नोवेलाच परत करायची असेल तर लोगनएअरचं ग्लासगोचं विमान, तासाभराचं, आणि इथे धावपट्टी डांबरी असल्यानं भरतीचा संबंध नाही. नाहीतर मुख्य भूमीवरच्या उल्लापूलची बोट, अडीच तासांच्या वर. 'लॉक सीफोर्थ' ताफ्यातल्या मोठ्या जहाजांपैकी, १४३ गाड्या आणि ७०० प्रवासी मावतात. या सबंध वाटेत गाडीला जागा मिळण्याची शक्यता इथेच सर्वात जास्त. वारा वाढला तर मात्र तीही सुटत नाही. पायी असाल तर उल्लापूलला बोटीशी जुळवलेली इन्व्हर्नेसची बस मिळते, दीड तासाचा रस्ता. ती रात्र इन्व्हर्नेसला काढा. सकाळची बोट, दुपारची बस आणि त्याच रात्री ग्लासगो किंवा एडिंबराहून परदेशी विमान असं तिकीट काढू नका: बोट रद्द झाली तर विमान कंपनी त्याची जबाबदारी घेत नाही, कारण दोन्ही तिकिटं वेगवेगळी असतात.