गाडी संध्याकाळी सातला आली

कुपवाड एमआयडीसीत माझं हळद दळायचं युनिट आहे. लोड वाढला म्हणून एचटी, म्हणजे उच्च दाबाचं वीज कनेक्शन घ्यायचं ठरलं आणि ११ केव्हीवर चालणारा २०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर हवा झाला. नावाजलेल्या कंपन्या दोन-अडीच महिने थांबा म्हणत होत्या, हळदीचा सीझन तोंडावर होता. परगावच्या एका व्यापाऱ्यानं फोनवर सांगितलं, ‘नवाकोरा, कॉपर वाइंडिंग (आतली गुंडाळी तांब्याची), आठ दिवसांत पोच.’ साडेचार लाख अधिक जीएसटी. निम्मे आगाऊ, उरलेले माल गेटला आल्यावर, गाडीवरून उतरवायच्या आधी. या अटीचा मला तेव्हा काहीच वास आला नाही.

गाडी सकाळी अकराला येणार होती. दर दोन तासांनी फोन, ‘आलोच, कराड सोडलं.’ आली संध्याकाळी सातला. तोवर माझा इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टर घरी गेला होता आणि दुपारपासून उभ्या हायड्रा क्रेनचं भाडं तासावर चढत होतं. ड्रायव्हर म्हणाला, “मालक, रात्रीत कोल्हापुरात भरायचंय, लवकर मोकळं करा.” हायड्रावाला पट्टा रेडिएटरच्या पंखांतून घालायला लागला. मी ओरडलो, टाकीच्या चार लिफ्टिंग लगलाच, उचलायच्या कड्यांनाच हुक लागले पाहिजेत, पंख दबले की तेल गळतं, बुशिंगला, म्हणजे वायर जोडायच्या चिनी मातीच्या खुंट्यांना धक्का बसला की पोर्सिलीन तडकतं. या गडबडीत माझं सगळं लक्ष उचलण्याकडं. ड्रायव्हरनं मोबाइलच्या उजेडात बिल्टी, म्हणजे ट्रान्सपोर्टची पावती पुढं केली. ‘माल चांगल्या स्थितीत मिळाला’ असं आधीच छापलेलं होतं, त्याखाली मी सही ठोकली. पैसे त्याच्या आधीच गेले होते.

सकाळी काँट्रॅक्टर आला. पहिल्यांदा त्यानं ब्रीदरकडं, म्हणजे आत जाणाऱ्या हवेतली ओल शोषणाऱ्या डबीकडं बोट केलं. सिलिका जेल निळी हवी, ती गुलाबी पडलेली, म्हणजे ओल ओढून बसलेली. मग किल्लीच्या टोकानं झाकणाच्या बोल्टजवळ खरवडलं. नव्या राखाडी रंगाखाली जुना हिरवा, त्याखाली गंज. रेटिंग प्लेट, म्हणजे माहितीची पट्टी नवी, रिव्हेट चकाचक, पण तिच्या कडेला पुट्टीनं बुजवलेली दोन जुनी भोकं. प्लेटवरचा नंबर टेस्ट सर्टिफिकेटशी जुळत होता. का नाही जुळणार, दोन्ही एकाच टेबलावर तयार झालेले. जुळला नाही तो टाकीच्या पत्र्यावर ठोकलेला नंबर, रंगाखालून बोटाला लागत होता.

इन्सुलेशन तपासायचा मेगर लावला, रीडिंग पडलेलं. तेलाचा नमुना तपासला. नवं तेल फिल्टर न करताही ३० केव्हीच्या वर टिकायला पाहिजे, ते १८ ला फुटलं. चार्ज करण्यात अर्थच नव्हता.

मिरजेच्या वर्कशॉपला नेताना वाटेतल्या वजनकाट्यावर गाडी भरलेली आणि नंतर रिकामी वजन केली. प्लेटवर एकूण वजन १०५० किलो, भरलं ८९०. थोडं तेलच कमी होतं, बाकीचं झाकण उघडल्यावर कळलं. बुशिंगखालच्या लीड, म्हणजे जोडतारा लालबुंद तांब्याच्या, बघून जरा हायसं वाटलं. मिस्त्रीनं कॉइलवरचा कागद चाकूनं कापला, आतली पट्टी खरवडली, पांढरी. वर हातभर तांबं जोडलेलं, आत सगळं ॲल्युमिनियम. शिवाय त्याच्या अंदाजानं मूळ कोअर, म्हणजे आतला लोखंडी गाभा, १६० केव्हीएचा.

ॲल्युमिनियम म्हणजे खोटा माल असं नाही, गावोगावच्या डीपीत तेच असतं. तांब्याच्या भावात विकलं आणि जुनं नवं म्हणून दिलं, ही फसवणूक.

व्यापाऱ्याला फोन केला तर त्यानं माझीच बिल्टी व्हॉट्सॲपवर पाठवली. ‘सही तुमचीच ना?’ पोलीस म्हणाले दिवाणी मामला आहे. वकिलांनी सांगितलं, धंद्यासाठी घेतलेल्या मशिनरीला ग्राहक आयोगाचा दरवाजा सहसा उघडत नाही. वाहतुकीत मोडतोड झाली असती तर ट्रान्सपोर्टवाल्याला बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस देता आली असती, पण इथं माल मुळातच तसा भरलेला. दावा चालू आहे.

दुसरा ट्रान्सफॉर्मर घेतला तेव्हा ऑर्डरमध्येच लिहून घेतलं, गाडी दुपारी दोनच्या आत, उरलेले पैसे मेगर आणि तेलाच्या तपासणीनंतर. गाडी आधी काट्यावर नेली. प्लेटवरचा आयएस ११८० चा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या भारतीय मानकाचा लायसन्स नंबर बीआयएस केअर या मानक ब्युरोच्या ॲपवर टाकून बघितला. पहिल्याच्या प्लेटवरचा नंबर हौसेनं टाकून पाहिला तर तो भलत्याच मालाचा निघाला, आणि हे दोन मिनिटांचं काम होतं. बिल्टीच्या प्रत्येक प्रतीवर ‘आतील तपासणी बाकी’ असं हातानं लिहून मगच सही केली, चारही बाजूंचे फोटो गाडीवर असतानाच काढले. ड्रायव्हर चिडला. त्याला चहा पाजला, वडापाव दिला, पण दोन तास थांबवला.

पहिला अजून आवाराच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली आहे, दाव्यात पुरावा म्हणून. मध्ये एक भंगारवाला आला होता. त्याला लांबून भाव सांग म्हटलं. तो काही बोलला नाही, खिशातनं कानस काढून आधी झाकणाकडं गेला.