भरतीचा आकडा की टिकण्याचा?
कामठीला गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे, त्यामुळे तिथल्या चहाटपरीवर प्रत्येक जण सैन्यातला जाणकार! तिथला वाद असा: सैन्यात किती जण भरती झाले आणि किती टिकले, यातला कुठला आकडा भरवशाचा?

भरतीचा आकडा मला त्यातल्या त्यात बरा वाटतो. अग्निपथ या चार वर्षांच्या सैन्यभरती योजनेच्या पहिल्या वर्षी, 2022 मध्ये, 46,000 जागा जाहीर झाल्या. पण जागा म्हणजे रुजू झालेले नव्हेत. झिजलेल्या बुटांत 1.6 किलोमीटर धावून पास झालेल्या पोराचं पुढे मेडिकल असतं, मग प्रशिक्षण. मोजलं कुठल्या टप्प्यावर, ते आधी विचारा.

टिकण्याचा आकडा जास्त फसवा. योजनेत चार वर्षांनी जास्तीत जास्त 25 टक्के कायम, म्हणजे वरची मर्यादा आधीच ठरलेली. राहायची इच्छा किती जणांना होती, हे त्यातून कळणार कसं? टपरीवरचे काका मात्र दोन्ही आकडे एकत्र करून मोकळे होतात.