सिव्हीसीआरएम: लॉगिन वेगळं, सदस्यत्व वेगळं

सदस्यांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर निवडताना संस्था आधी वर्गणी ऑनलाइन भरता येते का ते बघतात. त्याआधी तपासायला हवं ते हे: संकेतस्थळावरचं लॉगिन आणि सदस्यत्व यांची गल्लत तर केलेली नाही ना? आजीव सदस्य असलेल्या आजोबांचं लॉगिन नसतं, आणि लॉगिन असलेल्या स्वयंसेवकाने वर्गणी भरलेली असतेच असं नाही. सिव्हीसीआरएम हे मुक्त सॉफ्टवेअर इथे पक्कं आहे.

ते वर्डप्रेस, ड्रुपल किंवा जुमला अशा संकेतस्थळ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आत बसतं. केंद्रस्थानी असते संपर्काची नोंद; ती व्यक्तीची, कुटुंबाची किंवा संस्थेची असू शकते. सदस्यत्व, भरलेले पैसे आणि लॉगिन या तिन्ही गोष्टी या नोंदीला स्वतंत्रपणे जोडलेल्या असतात. त्यामुळे वर्डप्रेसमधून एखादं खातं उडवलं तरी त्या माणसाचं सदस्यत्व आणि पावत्यांचा इतिहास जागेवर राहतो. एकाच व्यक्तीला वाचनालयाचं आणि नाट्यशाखेचं अशी दोन सदस्यत्वंही देता येतात.

खरी कसोटी लागते ती कुटुंब-सदस्यत्वाला. परदेशातल्या मराठी मंडळांमध्ये हा प्रकार सर्रास असतो. योग्य पद्धत अशी: कुटुंबाची एक नोंद करायची, सदस्यत्व तिच्या नावे ठेवायचं आणि आई, वडील, मुलं यांना नात्याने तिला जोडायचं. सदस्यत्वाचा प्रकार तयार करताना कोणत्या नात्यातून ते पुढे पोचेल हे ठरवावं लागतं. इथे दोन ठिकाणी हमखास चुकतं. ‘कुटुंबप्रमुख’ आणि ‘कुटुंबातील सदस्य’ ही दोन वेगळी नाती आहेत. फक्त दुसरं निवडलं तर घरातल्या बाकी सगळ्यांना सदस्यत्व मिळतं आणि प्रमुख कोरडाच राहतो. शिवाय यादीत प्रत्येक नातं दोन दिशांनी दिसतं. उलटी दिशा निवडली तर काहीच घडत नाही, चूक झाल्याची सूचनाही येत नाही. या प्रकाराखाली सदस्य नोंदवले गेले की नातं बदलता येत नाही, म्हणून आधी एका खोट्या कुटुंबावर चाचणी घ्याच.

नात्यातून आलेलं सदस्यत्व मूळ सदस्यत्वावर अवलंबून असतं. नूतनीकरण मूळ नोंदीवरच करायचं. मुलाच्या नोंदीवर मुदत वाढवण्याचा प्रयत्न वाया जातो. मुलगी वेगळी राहायला गेली आणि तिचं नातं बंद केलं, की तिचं सदस्यत्व आपोआप जातं. हे बरोबरच आहे, पण तिला आधी कळवायला हवं. किती जणांना लाभ द्यायचा याची कमाल मर्यादाही घालता येते.

सॉफ्टवेअर सर्वांत जास्त अडखळतं ते ईमेलपाशी. खातं आणि संपर्क यांची जुळणी ईमेलवरून होते. नवरा-बायको एकच पत्ता वापरत असतील, तर वर्डप्रेस त्या पत्त्यावर दुसरं खातं उघडूच देत नाही. त्याहून वाईट म्हणजे ऑनलाइन अर्जासाठीचा मूळ जुळणी-नियम फक्त ईमेल बघतो, म्हणून बायकोने भरलेली वर्गणी नवऱ्याच्या नोंदीवर चढू शकते. नियमात ईमेलच्या जोडीला नाव आणि आडनाव घाला. मग स्पेलिंग बदललं की दुहेरी नोंदी होतील, पण त्या एकत्र करणं सोपं असतं. एकमेकांत मिसळलेल्या दोन माणसांना सोडवणं फार कठीण जातं.

तारखा तीन आहेत: प्रवेशाची, चालू मुदतीच्या आरंभाची आणि समाप्तीची. खंड पडल्यानंतर नूतनीकरण केलं तर आरंभ बदलतो, प्रवेशाची तारीख तीच राहते. ज्येष्ठता त्यावरूनच मोजा. जानेवारी ते डिसेंबर अशी ठरावीक मुदत असेल तर पुढील वर्षात ढकलण्याचा दिवस, म्हणजे ज्या दिवसापासून भरलेली वर्गणी पुढच्या वर्षालाही लागू होते तो, समजा 1 नोव्हेंबर, जरूर भरा. नाहीतर नोव्हेंबरात पैसे भरणाऱ्याला जेमतेम दोन महिने मिळतात.

सदस्यांची स्थिती रोज ताजी करणारं नियोजित काम चालू आहे ना आणि सर्व्हरवरचा क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं आपोआप सुरू करणारी सोय) ते खरोखर चालवतो ना, हे पहिल्याच दिवशी पाहा. ते बंद असेल तर मुदत संपलेली माणसं ‘चालू’ म्हणूनच दिसत राहतात आणि आठवणीची पत्रं चुकीच्या लोकांना जातात. सदस्यत्व रद्द केल्याने त्याला जोडलेली देय रक्कम रद्द होत नाही. ती वेगळी मिटवावी लागते.

सदस्यांसाठी राखीव पानं हवी असतील तर सदस्यत्वाच्या स्थितीनुसार वर्डप्रेसमधली भूमिका (कोणाला काय बघता येईल हे ठरवणारा दर्जा) बदलणारं वेगळं प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, लागतं. मूळ सॉफ्टवेअर हे काम करत नाही.

परवान्याला पैसे पडत नाहीत. खर्च होतो तो होस्टिंगवर आणि अद्ययावत ठेवणाऱ्या जाणकारावर. असा माणूस हाताशी नसेल आणि पन्नासएक घरांचंच मंडळ असेल, तर एक्सेलची नीट ठेवलेली वही पुरते. कुटुंबं, शाखा आणि आजीव सदस्य असा गुंता असेल तर मात्र आम्ही सिव्हीसीआरएमच सुचवू. जुनी यादी आत घेताना क्रम असा ठेवा: आधी व्यक्ती आणि कुटुंबं, मग नाती, त्यानंतर सदस्यत्व आणि लॉगिन सर्वांत शेवटी.