हेडलाइटचा उजेड घरीच वाढवला: दहा महिने आणि एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

दर शनिवारी कॉलेज सुटलं की मी कराडहून चिपळूणला आईकडे निघते. पाटण, कोयनानगर, हेळवाक, मग कुंभार्ली घाट उतरून पोफळी, शिरगाव. हिवाळ्यात घाटाच्या तोंडाशी पोचेपर्यंतच अंधार पडलेला असतो. गाडी २०१० ची पेट्रोल हॅचबॅक, साधे एच-४ हॅलोजन बल्ब, म्हणजे एकाच बल्बमध्ये अप्परला (लांबचा झोत) ६० वॅट आणि डिपरला (खालचा झोत) ५५.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत हेळवाकच्या अलीकडे कडेनं चालणारा एक माणूस मला दिसला, तो गाडीच्या नाकापासून जेमतेम दहा-बारा पावलांवर असताना. डोक्यावर गवताचा भारा, अंगात गडद शर्ट. मी स्टिअरिंग वळवलं, त्याला धक्काही लागला नाही. पण हात थरथरत होते, आणि पुढचा अख्खा घाट मी वीसच्या स्पीडनं उतरले. त्या रात्री ठरवलं की या दिव्यांचं काहीतरी केल्याशिवाय शनिवारची फेरी करायची नाही.

आधी जे चुकलं ते सांगते, कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. मी दुकानात गेले आणि एच-४ च्या जागी बसणारे पांढरेशुभ्र एलईडी बल्ब घेऊन आले. पार्किंगमध्ये लावून पाहिले तर डोळे दिपले, वाटलं काम झालं. रस्त्यावर मात्र उलटंच. बोनेटच्या पुढचा पंधरा-वीस फुटांचा तुकडा लखलखीत, आणि त्यापलीकडे पूर्वीपेक्षाही काळोख. जवळ इतका उजेड असला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं अंधुक दिसणारं तेही दिसेनासं होतं. वर समोरचे सगळे डिपर मारायला लागले. घाटातल्या एका वळणावर एसटी माझ्या बाजूला थांबली, ड्रायव्हर खिडकीतून म्हणाले, "मॅडम, लाइट सगळा तोंडावर येतोय, वळण दिसत नाही." त्यांच्यामागे पन्नास माणसं बसलेली होती. दुसऱ्या दिवशी ते बल्ब काढून ठेवले.

कारण नंतर समजलं. हॅलोजन दिव्याचा परावर्तक बल्बमधल्या बारीकशा फिलामेंटच्या, म्हणजे पेटणाऱ्या तारेच्या, नेमक्या जागेभोवती बेतलेला असतो. एच-४ मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली धातूची एक वाटी असते. तिच्यामुळे उजेड फक्त परावर्तकाच्या वरच्या अर्ध्या भागावर पडतो आणि तिथून खाली रस्त्याकडे वळतो. एलईडीच्या चिपचा आकार आणि जागा मिलिमीटरभर जरी वेगळी असली तरी हे गणित बिघडतं आणि उजेड वर-खाली उधळतो. दुकानदारानं १००/९० वॅटचे बल्बही सुचवले होते. ते रस्त्यावर कायदेशीर नाहीत, शिवाय कंपनीच्या होल्डरला आणि वायरला तेवढा करंट झेपत नाही. वितळलेला होल्डर मी मैत्रिणीच्या गाडीत स्वतः पाहिला आहे, त्यामुळे त्या वाटेला गेलेच नाही.

माझ्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. त्यांनी दिव्यांसमोर उकिडवं बसून नुसतं बोट काचेवर फिरवलं आणि म्हणाले, "बल्बला कशाला दोष देतेस? आतला उजेड बाहेर येतोय का ते बघ."

काच, म्हणजे खरं तर पॉलिकार्बोनेटचं प्लास्टिक. त्यावर कारखान्यात एक संरक्षक थर दिलेला असतो. वर्षानुवर्षं उन्हातल्या अतिनील किरणांनी तो झिजतो आणि प्लास्टिक पिवळं, धुरकट होतं. टूथपेस्ट लावून घासायचा उपाय मी आधी केला होता. तीन आठवड्यांत होतं तसं. पिवळेपण नुसतं वरच्या पापुद्र्यात नसतं, तो मेलेला थर पूर्ण काढावाच लागतो.

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी मी कामाला बसले. दिव्याभोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर चिकटवले, शेजारी पाण्याची बादली. पहिला वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा घासपेपर, ८०० नंबरचा. घासायला लागल्यावर पिवळट दुधासारखं पाणी बंपरवरून ओघळायला लागलं. हे पाणी पांढरं होईपर्यंत थांबायचं नाही, असं काकांनी बजावलं होतं. पंधरा-वीस मिनिटांनी पाणी पांढरं झालं आणि मी फडक्यानं पुसून पाहिलं तर काच दुधी बल्बासारखी संपूर्ण आंधळी! पोटात गोळा आला, वाटलं आता नवीन दिवे घ्यावे लागणार. पण ती अवस्था येतेच. पुढे आणखी बारीक पेपर, १०००, १५००, २००० आणि शेवटी ३०००. प्रत्येक वेळी घासायची दिशा बदलायची, आडवं झालं की उभं, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. पेपर कायम ओला. ३००० झाल्यावर पॉलिशिंग कंपाउंड घेऊन जुन्या सुती बनियनच्या तुकड्यानं गोल गोल घासलं, आणि आतला बल्ब, परावर्तकाच्या रेघा, सगळं स्वच्छ दिसायला लागलं. एका दिव्याला मला दोन तास लागले. दुसऱ्या दिवशी खांदे बोलत होते.

इथपर्यंत करून बरेच लोक थांबतात. पण आपण कारखान्याचा थर काढून टाकलेला असतो, त्यामुळे उघडं प्लास्टिक काही महिन्यांत परत पिवळं पडतं. त्यावर ऊन सोसणारा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, मारावा लागतो. मी दोन घटकांचा स्प्रे आणला होता. डब्याच्या तळाचं बटण दाबलं की आत हार्डनर, म्हणजे थर कडक करणारा दुसरा घटक, मिसळतो. त्याची वाफ फुप्फुसाला वाईट, म्हणून नुसता रुमाल नाही तर फिल्टरचा मास्क लावून, मोकळ्यावर मारायचा. उजवा दिवा छान झाला. डाव्यावर मी हात एके ठिकाणी रेंगाळू दिला आणि ओघळ आला. तो वाळल्यावर घासून काढला, म्हटलं उद्या परत मारू. दुसऱ्या दिवशी डब्यातलं मिश्रण घट्ट झालं होतं, नोझलमधून थेंब बाहेर आला नाही. एकदा बटण दाबलं की तो डबा त्याच दिवशी संपवायचा असतो. त्यामुळे डाव्या दिव्यावर नुसतं वॅक्स लावलं आणि दर महिन्याला लावत राहिले.

आता दहा महिन्यांनी दोन्ही दिवे समोरासमोर पाहता येतात, म्हणून हे खात्रीनं लिहिते. उजवा आजही पाण्यासारखा नितळ आहे, खडीचा एक बारीक टवका सोडला तर. डावा समोरून ठीक दिसतो, पण तिरकं पाहिलं की वरच्या काठाशी, जिथं ऊन थेट पडतं तिथं, फिकट पिवळी साय धरायला लागली आहे.

काच साफ झाल्यावर फरक पडला, पण मनासारखा नाही. उजेड तांबूसच होता. काका म्हणाले, "आता करंट कुठं गळतोय ते शोध." चारशे रुपयांचा मल्टीमीटर घेतला. आयुष्यात पहिल्यांदा हातात धरला. इंजिन चालू करून बॅटरीवर मोजलं तर १३.८ व्होल्ट. बल्बचा कपलर, म्हणजे मागचा वायरींचा प्लग, काढून त्याच्या पिनांवर मोजलं तर १३.७. मी खुशीत काकांना आकडा सांगितला, तर ते म्हणाले, "बल्ब लावलेला ठेवून मोज. रिकाम्या कपलरवर मीटर लावून काय कळणार?" आणि खरंच, कपलर परत बसवून, लाइट चालू ठेवून, मागच्या बाजूनं मीटरच्या सुया आत सरकवल्या तर आकडा ११.९! करंट वाहायला लागला की जुनी बारीक वायर, काळवंडलेले स्विचचे पॉइंट आणि गंजलेलं अर्थिंग मधल्या मध्ये जवळजवळ दोन व्होल्ट खात होते. हॅलोजनचं वैशिष्ट्य असं की व्होल्टेज पाच टक्क्यांनी घसरलं तर उजेड साधारण पंधरा टक्क्यांनी कमी होतो. माझ्या हिशेबानं माझे बल्ब साठ टक्क्यांच्या आसपासच पेटत होते. नवा महागडा बल्ब लावला असता तरी त्याचीही हीच उपासमार झाली असती.

यावर उपाय म्हणजे रिले असलेलं तयार हार्नेस, म्हणजे वायरींचा जोडलेला संच. रिले म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्यात दोन रिले असतात, एक अप्परला, एक डिपरला. जुना कपलर फक्त रिलेला इशारा देतो आणि बल्बला लागणारा करंट जाड वायरीनं थेट बॅटरीवरून येतो. दोन बल्ब मिळून नऊ-दहा अँपिअर ओढतात, तो भार स्विचवरून उतरतो. कंपनीची एकही वायर कापावी लागली नाही. आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडली. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ येईल असा ठेवला, म्हणजे पुढे कुठेही वायर घासून शॉर्ट झाली तरी तो उडेल. रिले उंचावर, तोंड खाली करून लावले, पाणी साचू नये म्हणून. अर्थच्या बोल्टखालचा रंग आणि गंज पेपरनं खरवडून चकचकीत पत्रा काढला, वर पेट्रोलियम जेली. रेडिएटर फॅनपासून वायरी लांब ठेवून केबल टायनं आवळल्या. एक गोष्ट विकत घेण्याआधी तपासा. काही गाड्यांत लाइटचा स्विच प्लसऐवजी अर्थची बाजू जोडतो-तोडतो, आणि तिथं साधं हार्नेस नीट चालत नाही. दुकानात गाडीचं मॉडेल सांगून, शक्य असेल तर मीटरनं पाहूनच घ्या.

जोडून झाल्यावर बल्बवर १३.४ व्होल्ट मिळाले. तेच ६०/५५ वॅटचे साधे बल्ब, फक्त नवीन जोडी. बसवताना काच बोटांनी धरू नका, बोटाचं तेल राहिलेली जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. निळसर रंगाचे बल्बही घेऊ नका, तो रंग उजेडातूनच वजा होतो.

शेवटचं काम फुकटचं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात मोठा फरक मला त्यानंच जाणवला. फोकस. सपाट जागी भिंतीसमोर गाडी लावली, चाकात हवा बरोबर, ड्रायव्हर सीटवर शेजारची ताई बसवली. आधी भिंतीला खेटून दोन्ही दिव्यांच्या मध्याची उंची टेपनं आखली. मग गाडी सरळ साडेसात मीटर मागे घेतली. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेषेच्या साधारण साडेसात सेंटिमीटर खाली यायला हवी, म्हणजे शंभराला एक उतार. माझा डावा दिवा तीन-चार मीटरवरची जमीन उजळत होता आणि उजवा, म्हणजे समोरच्याच्या बाजूचा, रेषेच्या चांगलाच वर. इतकी वर्षं मी लोकांच्या डोळ्यात लाइट मारत होते आणि मला स्वतःला कड दिसत नव्हती, याचं वाईट वाटलं. दिव्यामागचे स्क्रू स्टार पान्यानं थोडे थोडे फिरवून दोन्ही जागेवर आणले. एक दिवा लावताना दुसऱ्यासमोर पुठ्ठा उभा धरायचा, दिव्यावर कापड टाकायचं नाही, हॅलोजन फार तापतो. डाव्या बाजूला कड थोडी तिरकी वर चढलेली दिसेल. ती तशीच हवी, आपल्याकडच्या डाव्या कडेवरची माणसं त्याच उजेडात दिसतात.

पावसाळ्यानं एक चूक बाहेर काढली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात डाव्या दिव्यात आतून वाफ धरली, मग थेंब. बल्बमागचं रबरी बूट मी नीट दाबून बसवलंच नव्हतं, एका बाजूची कड दुमडलेली राहिली होती. बल्ब काढून, हेअर ड्रायर लांबून आणि कमी आचेवर फिरवून आत सुकवलं, बूट चारही बाजूंनी बोटानं चाचपून बसवलं. नंतर अख्ख्या पावसाळ्यात थेंब आला नाही. रिले आणि फ्यूजनंही एकदा त्रास दिला नाही. बल्ब अजून तेच आहेत.

कुंभार्लीच्या धुक्यात मात्र चमत्काराची अपेक्षा नको. अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, डिपरवरच हळू जावं लागतं. ओल्या डांबरावर उजेड पुढे निसटतो, आपल्याकडे परत कमी येतो, त्यामुळे रस्ता काळाच दिसतो. पण कडेचा पांढरा पट्टा, संरक्षक कठडा, पाणी वाहून आलेली माती हे सगळं आता वेळेत दिसतं. आणि एकाही समोरच्यानं दहा महिन्यांत मला डिपर मारलेला नाही.

खर्च सगळा मिळून २,८७० रुपये: वॉटर पेपर आणि टेप २१०, कंपाउंड २८०, स्प्रे ६५०, मीटर ४००, हार्नेस ९५०, बल्ब ३८०. एलईडीवर घातलेले पैसे यात धरलेले नाहीत. गाडीची पंधरा वर्षं भरली म्हणून ऑगस्टमध्ये नोंदणीचं नूतनीकरण करायला गेले, तिथं दिवे तपासले आणि काहीही बदलायला सांगितलं नाही.

परवाच्या शनिवारी हेळवाकच्या त्याच पट्ट्यात दोन बायका डोक्यावर मोळ्या घेऊन चालल्या होत्या. मला त्या लांबूनच दिसल्या. डिपर तसाच ठेवून मी स्पीड कमी केला आणि त्यांना पुरेशी जागा सोडून पुढे गेले. मार्चमध्ये डावी काच पुन्हा ८०० पासून घासायची आहे. स्प्रेचा नवा डबा आणून ठेवला आहे, काच पूर्ण तयार होईपर्यंत त्याच्या तळाचं बटण दाबणार नाही.